माल हलका म्हणजे नेमका किती हलका?



दसऱ्याच्या आगेमागे आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढू लागते. मेडशी, शिरपूर, किन्हीराजा, जऊळका या बाजूंनी कट्टे भरभरून गाड्या येतात. ढीग पडतात, हर्रास सुरू होतो, मूठभर दाणे हातावर घेऊन चोळले जातात आणि एखादा शब्द कानी पडतो. 'माल डागी आहे', 'माल हलका आहे', 'माल सुमार आहे'. सरकारी खरेदी केंद्रावर गेलात तर हाच निकाल इंग्रजी पोशाखात येतो: 'नॉन एफ.ए.क्यू.'

शब्द दोन-चार अक्षरांचा असतो, पण त्यापायी क्विंटलमागे शेकडो रुपये खाली येतात. चार महिने राबून आणलेल्या मालाला कोणी असे नाव ठेवले की आपण मान खाली घालतो, नाही तर हुज्जत घालतो. दोन्हींनी भाव वाढत नाही. त्यापेक्षा हे शब्द आले कोठून, त्यांचा मूळ अर्थ काय आणि त्यामागे कोणते माप आहे, हे समजून घेतले तर बोलायला आधार मिळतो. आज तेवढ्यासाठीच हा लेख.

सूप आणि चाळणीचे शब्द

मालाची प्रतवारी ही काही बाजार समितीने किंवा सरकारने शोधून काढलेली गोष्ट नाही. ती आपल्या घरातल्या बायामाणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. सूप हातात घेऊन धान्य पाखडले की भरलेला दाणा सुपात राहतो आणि पोचट दाणा, फोलपट पुढे उडून जाते. जे वजनाला कमी ते उडाले. 'हलका माल' हा शब्द याच अनुभवातला. संस्कृतातल्या 'लघु' शब्दातली अक्षरे प्राकृतात उलटीपालटी झाली, 'लहु'चे 'हलु' झाले आणि त्यातून आपला 'हलका' आला. म्हणजे हलका या शब्दामागे मुळात वजन आहे. आता तो कमी दर्जाच्या कोणत्याही वस्तूला लावतात, पण धान्याच्या बाबतीत त्याचा पहिला अर्थ अजून खरा आहे. शेंग भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली की दाणा बारीक व सुरकुतलेला राहतो. तो खरोखरच हलका.

दुसरा शब्द 'मातेरे'. खळ्याच्या तळाशी मातीत मिसळून उरलेले धान्य ते मातेरे. शब्दातच माती आहे. अमक्याने आपल्या संसाराचे मातेरे केले, असे आपण म्हणतो, त्यात हेच चित्र आहे: चांगले धान्य होते, ते मातीत मिसळले. मातेऱ्यातला दाणा मुळात वाईट नसतो, त्याला संगत वाईट लागलेली असते. चाळणीने ती संगत सुटते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

तिसरा 'डागी'. डाग हा फारसीतून आलेला शब्द. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस लागला की शेंगेत बुरशी शिरते आणि दाण्यावर काळपट डाग पडतात. कधी रोगामुळे जांभळा डाग येतो. हा दोष मात्र चाळणीने जात नाही. पाहा, तीन घरगुती शब्द आणि तीन वेगवेगळे दोष. एक वजनाचा, एक भेसळीचा, एक रंगाचा व रोगाचा. आपल्या घरात हे शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. बाजारात मात्र तिन्हींची मोट बांधून 'माल हलका' असे एकाच शब्दात सांगितले जाते. घोटाळा सुरू होतो तो इथेच.

कस लावून पाहणे

कमी दर्जाच्या वस्तूला आपण 'हिणकस' म्हणतो. हा शब्द सोनाराच्या दुकानातला. सोन्यात मिसळलेली हलकी धातू म्हणजे हीण. सोने दगडावर घासून त्याची रेघ पाहायची, याला कस लावणे म्हणतात. संस्कृतात कष म्हणजे घासणे आणि घासून पाहण्याचा दगडही. कसोटी हा शब्दही त्याच घरचा. ज्याच्या कसाला हीण आढळले ते हिणकस.

हा कस आपल्या शेतीत किती खोल रुजला आहे, ते पाहा. चांगली जमीन कसदार. चांगला आहार सकस. ज्यातला जोम गेला ते निकस. सोनाराच्या दगडावरचा शब्द आपण मातीला लावला आणि भाकरीलाही लावला. पण त्यातली मूळ अट विसरून चालणार नाही. दगडावर घासल्याशिवाय सोनारालासुद्धा सोने हिणकस म्हणता येत नव्हते. आधी कसोटी, मग निकाल.

'निकृष्ट' हा शब्द तर शेतकऱ्याने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. संस्कृतात कृष् म्हणजे ओढणे आणि नांगरणेही, कारण नांगर ओढूनच चालतो. कृषी हा शब्द याच कृष् पासून झाला. वर ओढलेले ते उत्कृष्ट, खाली ओढलेले ते निकृष्ट. म्हणजे कृषी, उत्कृष्ट आणि निकृष्ट ही एकाच मुळाची तीन पोरे आहेत.

सुमार: मधला होता, खाली घसरला

आता 'सुमार'. फारसीत शुमार म्हणजे मोजणी, गणती. मराठीत आला तेव्हा तो याच अर्थाने आला. 'सुमारे शंभर पोती' म्हणजे अंदाजे मोजलेली शंभर पोती. 'बेसुमार पाऊस' म्हणजे ज्याची गणती नाही असा पाऊस. या दोन्ही ठिकाणी त्यात वाईट काही नाही. पण 'सुमार दर्जाचा माल' म्हटले की लगेच नाक मुरडले जाते. असे का झाले?

मोजणीवरून अंदाज, अंदाजावरून बेताचे, आणि बेताचे म्हणजे जेमतेम, अशा पायऱ्यांनी हा शब्द खाली उतरला. 'बेताची परिस्थिती' म्हटले की आपण गरिबी समजतो. 'पोरगा अभ्यासात साधारण आहे' म्हटले की मास्तर त्याला कच्चा समजतात, हे आईबापांनाही कळते. मधल्याला मधला म्हणायचे आणि समजायचे मात्र खालचा, ही माणसाच्या जिभेची खोड आहे. म्हणून कोणी आपला माल 'सुमार' आहे म्हणाले, तर तो सरासरीइतका आहे असे त्याला म्हणायचे आहे की सरासरीच्या खाली आहे असे, हे विचारून घ्यावे. दोहोंत पैशांचा फरक आहे.

'ॲव्हरेज' कुठून आले?

एफ.ए.क्यू. ही अक्षरे 'फेअर ॲव्हरेज क्वालिटी' या तीन शब्दांची आहेत. मराठीत सांगायचे तर रास्त सरासरी प्रत. सरकार जो किमान आधारभूत भाव जाहीर करते तो या प्रतीच्या मालासाठी असतो. सोयाबीनचा हा भाव २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलला ४,८९२ रुपये आणि २०२५-२६ च्या हंगामाला ५,३२८ रुपये होता. या प्रतीत न बसणारा माल तो नॉन एफ.ए.क्यू.

ॲव्हरेज हा शब्द आपल्याला परका राहिलेला नाही. मोटरसायकल किती ॲव्हरेज देते आणि एकरी ॲव्हरेज झडती काय आली, हे आपण रोज विचारतो. पण त्याचा जन्म ऐकाल तर नवल वाटेल. भाषेचे अभ्यासक तो अरबीतल्या 'अवार' या शब्दापर्यंत नेतात, आणि अवार म्हणजे दोष, नुकसान, खराब झालेला माल! भूमध्य समुद्रावर व्यापार करणाऱ्या इटालियन व फ्रेंच लोकांनी तो उचलला. समुद्रात वादळ झाले, जहाज वाचवण्यासाठी काही माल पाण्यात फेकावा लागला, तर ते नुकसान ज्याचा माल गेला त्या एकट्याच्या माथी मारत नसत. जहाजावर ज्यांचा ज्यांचा माल होता त्या सर्वांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे ते वाटून घ्यायचे. या वाटणीला पुढे इंग्रजीत ॲव्हरेज म्हणू लागले, आणि वाटणी करून येणारा आकडा म्हणून त्याला सरासरीचा अर्थ आला. म्हणजे ज्या शब्दाने आज माल बरा ठरतो, तो मुळात बिघडलेल्या मालाचा शब्द होता आणि त्यात नुकसान सर्वांनी मिळून सोसण्याचा न्याय होता.

'फेअर ॲव्हरेज क्वालिटी' हा शब्दप्रयोग गाजला तो ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या व्यापारात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे अशी रीत पडली की दर हंगामात गव्हाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने मागवायचे, ते एकत्र मिसळायचे, ठरावीक मापात भरून त्याचे वजन करायचे आणि ती त्या वर्षाची सरासरी प्रत म्हणून जाहीर करायची. लंडनचे खरेदीदार त्या नमुन्यावर सौदे करीत. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही प्रत दर वर्षी नव्याने ठरे. पाऊसपाणी चांगले झाले तर सरासरी वर चढे, वाईट गेले तर खाली येई. माल चांगला की वाईट हे त्याच वर्षीच्या, त्याच मुलखातल्या मालाशी तोलून ठरवले जाई.

आजचा तक्ता आणि कालचा अर्थ

आपल्याकडे आज एफ.ए.क्यू. म्हणजे आकड्यांचा तक्ता आहे. सोयाबीनसाठी त्यातल्या मुख्य मर्यादा अशा: ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, माती-काडीकचरा २ टक्क्यांपर्यंत आणि फुटके व तडकलेले दाणे १५ टक्क्यांपर्यंत. याशिवाय अपक्व व हिरवे दाणे आणि डागी व किडके दाणे यांनाही वेगवेगळ्या मर्यादा आहेत.

या आकड्यांना आधार आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ओला दाणा साठवणुकीत तापतो, त्याला बुरशी लागते. डागी व फुटक्या दाण्यातले तेल लवकर खराब होते आणि ते शुद्ध करायला कारखान्याला जास्त खर्च येतो. तेव्हा घेणाऱ्याने मर्यादा घालणे यात वावगे काही नाही.

पण एक फरक ओळखा. ऐन काढणीत आठ दिवस पाऊस लागला, तर तालुक्यातल्या बहुतेकांचे सोयाबीन ओले व डागी होते. जुन्या अर्थाने पाहिले तर तीच त्या वर्षाची सरासरी. आजच्या तक्त्याप्रमाणे मात्र सारा तालुकाच सरासरीच्या खाली जातो. सगळेच जण सरासरीच्या खाली असणे हे गणितात बसत नाही. याचा अर्थ एवढाच की आजचा तक्ता ही सरासरी राहिलेली नाही, ती घेणाऱ्याने घातलेली मर्यादा आहे. नाव मात्र सरासरीचेच राहिले.

याची एक खूण अलीकडेच दिसली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. हंगाम पाहून माप बदलले. जुन्या ऑस्ट्रेलियन रीतीचाच हा एक प्रकार म्हणा ना! म्हणून दर हंगामात विक्रीपूर्वी खरेदी केंद्रावर त्या वर्षाच्या मर्यादा विचारून घ्याव्यात. गेल्या वर्षीचा आकडा यंदा लागू असेलच असे नाही.

आणि दुसरी गोष्ट मनाची. नॉन एफ.ए.क्यू. हा शिक्का मालाच्या एका गुणावर बसतो, तुमच्या शेती करण्यावर बसत नाही. तो ऐकून घरी येणाऱ्या धन्याला घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीही तसेच समजून घ्यावे.

मोजून बोलण्याची रीत आपल्याच जिल्ह्यातली

व्यवहार उघड्यावर, नियमाने आणि मापाने व्हावा, ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे सुरू झाला. ते कारंजा आज आपल्याच वाशीम जिल्ह्यात आहे. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामागे शेतकऱ्याच्या हितापेक्षा इंग्लंडच्या कापड गिरण्यांना शुद्ध कापूस मिळावा ही ओढ अधिक होती. हेतू कोणाचाही असो, नियमाचा बाजार वऱ्हाडात रुजला. पुढे १९३७ साली शेतमालाच्या प्रतवारीचा केंद्रीय कायदा आला, ज्यातून 'ॲगमार्क'चा शिक्का निघाला. १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा झाला. या साऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तोंडाने सांगितलेल्या प्रतीपेक्षा मोजलेली प्रत खरी.

घरच्या घरी कसोटी

मग माल बाजारात नेण्यापूर्वी घरीच कस लावून का पाहू नये? त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

पहिले काम नमुना घेण्याचे. एकाच कट्ट्याच्या तोंडचे दाणे घेऊ नका. निरनिराळ्या कट्ट्यांतून, वरून, मधून आणि तळातून दाणे काढा. सारे एका ताडपत्रीवर ओतून चांगले मिसळा. त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन परत टाका. असे करत करत एक किलो उरवा. हा तुमच्या मालाचा खरा नमुना.

हा किलोभर नमुना चाळा, पाखडा आणि निवडा. निघालेली माती, खडे, काडीकचरा किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. २० ग्रॅम भरले तर २ टक्के झाले. फुटके दाणे वेगळे काढून तोला, १५० ग्रॅम म्हणजे १५ टक्के. निवडण्याचे काम घरातल्या बायांकडे सोपवा असे मी म्हणणार नाही, पण त्यांच्या शेजारी बसून करा, कारण त्यांची नजर त्यात मुरलेली आहे. कचरा जास्त निघाला तर माल नेण्यापूर्वी चाळणी मारा. मातेऱ्याची संगत सोडवणे आपल्याच हाती आहे. फुटके जास्त निघाले तर मळणीयंत्राच्या ड्रमचे फेरे जास्त होते, किंवा माल फार वाळलेला होता असे समजा आणि पुढच्या मळणीला फेरे कमी ठेवायला सांगा.

ओलाव्यासाठी ढोबळ कसोटी मिठाची. काचेची कोरडी बाटली घ्या. तिच्यात खडखडीत वाळवलेले बारीक मीठ दोन-तीन चमचे टाका, तिसरा हिस्सा भरेल इतके दाणे टाका, झाकण लावून चांगले हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ बाटलीच्या काचेला चिकटले तर ओलावा अंदाजे १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही तर त्याच्या खाली. बारा आणि पंधरा यांतला फरक मात्र यंत्रानेच कळतो.

पाण्याचा हिशोब

ओल्या मालाला कडता लागतो, तो किती असावा? हा हिशोब पोराबाळांकडून पाटीवर करून घ्या. एका क्विंटलमध्ये १६ टक्के ओलावा असेल तर १६ किलो पाणी आणि ८४ किलो कोरडा माल. तोच १२ टक्क्यांवर आणला तर ८४ ला ०.८८ ने भागायचे, वजन येते साडेपंच्याण्णव किलोच्या किंचित आत. म्हणजे क्विंटलमागे साधारण साडेचार किलो पाण्याचे गेले. १५ टक्के ओलावा असेल तर जवळजवळ साडेतीन किलो आणि १८ टक्के असेल तर पावणेसात किलोच्या थोडे वर. ५,३२८ रुपये भाव धरला तर १६ टक्के ओलाव्याच्या मालात नुसत्या पाण्यापोटी क्विंटलमागे सुमारे २४२ रुपये कमी होणे हिशोबाला धरून आहे. त्यावर वाळवण्याचा खर्च आणि जोखीम म्हणून घेणारा काही मागेल, ती बोलणी वेगळी. पण पाण्याचे किती आणि जोखमीचे किती, हे दोन आकडे तुम्हाला सुटे सुटे माहीत असले पाहिजेत.

उलटही ध्यानात घ्या. फाजील वाळवू नका. १२ टक्क्यांचा एक क्विंटल माल ९ टक्क्यांवर आणला तर सव्वातीन किलोच्या वर वजन घटते, त्याचा भाव सहसा वेगळा मिळत नाही आणि दाणेही जास्त फुटतात.

दोन प्रश्न विचारा

आता बाजारात कोणी माल हलका, सुमार, डागी किंवा नॉन एफ.ए.क्यू. म्हणाले तर रागावू नका आणि गप्पही बसू नका. शांतपणे दोन प्रश्न विचारा. पहिला: कोणत्या बाबतीत? ओलाव्यात, कचऱ्यात, फुटक्यात की डागात? दुसरा: किती? आकडा सांगा, यंत्र आपल्यासमोर लावा. एकाच दोषासाठी माल नाकारला असेल तर तो दोष चाळून किंवा वाळवून जाण्यासारखा आहे का, हे तिथेच ठरवता येते. कचरा आणि ओलावा जातो. डाग आणि फूट जात नाही, तेव्हा डागी माल वेगळा काढून वेगळा विकावा म्हणजे चांगल्या मालाचा भाव त्याच्यापायी पडत नाही.

आपल्या वाडवडिलांनी वजनावरून हलका म्हटले, मातीवरून मातेरे म्हटले, दगडावर घासून हिणकस म्हटले. प्रत्येक शब्दामागे त्यांनी काही ना काही पाहिले होते, तोलले होते. तेवढीच अपेक्षा आपण आजच्या शब्दाकडून ठेवावी. या हंगामात माल भरण्यापूर्वी एक किलोचा नमुना काढा, चार आकडे कागदावर लिहा आणि तो कागद खिशात घालून बाजाराला जा.